इनिट सिक्स

परवा हापिसात जेवताना विषय निघाला, २ एप्रिल २०११ च्या रात्री कोण कुठे होतं. एक जण गुडलक चौकात नाचत होता, एक जण चाळीच्या गच्चीवर, आणि समोर बसलेली मुलगी म्हणाली, "मी तेव्हा पाचवीत होते." (हे असले लोक आता आमच्या टीममध्ये आहेत. असो.) मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, "हापिसात होतो." सगळ्यांनी च् च् केलं. पण खरं सांगायचं तर त्या रात्रीतलं मला धोनीच्या षटकारापेक्षा जास्त आठवतं ते २ वाजून ४७ मिनिटांनी मी टाइप केलेलं एक वाक्य. वाक्य कसलं, तीन शब्दांची कमांड. आज रविवार आहे, बायको माहेरी गेलीय, लिहून टाकतो.

ज्यांचा युनिक्सशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. बाकीच्यांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालेल.

इंग्लंडमधल्या एका क्लायंटचा डेटाबेस दोन सर्व्हरच्या क्लस्टरवर होता. सोलारिस १०, त्यावर सन क्लस्टर. (ओरॅकलने २०१० च्या जानेवारीत सन विकत घेतली होती, पण आमच्या तोंडी 'सन'च.) आम्ही आपसात त्या दोघांना थोरला आणि धाकटा म्हणायचो. मागे स्टोरेज एकच, दोघांना जोडलेलं, त्यावर झेडएफएसचा एक पूल आणि त्यात सगळा डेटा. एका वेळी एकच भाऊ तो पूल इम्पोर्ट करून डेटाबेस चालवणार. दुसरा तयारीत उभा. दोघांमध्ये खासगी केबल, त्यावरून सतत "आहेस ना?" "आहे, आहे" चालू. आता ती केबलच तुटली तर? दोघांनाही वाटणार दुसरा मेला, दोघेही एकाच डिस्कवर लिहायला धावणार, डेटाची खिचडी. म्हणून एक क्वोरम डिस्क असते, तिचं तिसरं मत. तीनपैकी दोन मतं ज्याच्याकडे तो जगला, दुसऱ्याने मुकाट्याने पॅनिक होऊन खाली पडायचं. आपल्याकडच्या भाऊबंदकीत असली एखादी डिस्क असती तर किती कोर्टकचेऱ्या वाचल्या असत्या!

अशा जोडीची ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची तर रविवारच्या मेगाब्लॉकसारखं करतात. आधी सगळी वाहतूक धाकट्याकडे वळवायची, थोरल्याचं काम उरकायचं, मग वाहतूक थोरल्याकडे आणायची, आठ दिवस त्याची चालचलणूक बघायची आणि मग धाकट्याला हात लावायचा. त्यातही सोलारिसच्या लाइव्ह अपग्रेडची सोय होती. चालत्या सिस्टिमची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायची, नवी आवृत्ती त्या प्रतीवर चढवायची आणि ठरल्या रात्री फक्त त्या प्रतीवरून बूट करायचं. जुनी सिस्टिम तिथेच शाबूत. म्हणजे परतीचे रस्ते दोन: नवी आवृत्ती नाही झेपली तर थोरल्याला जुन्या प्रतीवर न्या, नाहीतर काम धाकट्याकडे सोपवा. हे दोन रस्ते उघडे ठेवण्यासाठीच तर एवढा खटाटोप.

तर, आम्हाला १०/०८ वरून ९/१० वर जायचं होतं. सोलारिसच्या आवृत्त्यांची नावं अशी महिना-वर्षाची असायची. ब्रिटिश वेळेनुसार शनिवारी रात्री आठला विंडो, म्हणजे आपल्याकडे साडेबारा. फायनलची तारीख क्लायंटला सांगून उपयोग नव्हता, इंग्लंड केव्हाच बाहेर गेलं होतं. शिफ्टला आम्ही दोघं: चार वर्षांच्या अनुभवाने फुगलेला मी आणि आठ महिन्यांपूर्वी कॉलेजातून आलेला एक नाशिकचा मुलगा. मॅच स्कोअरकार्ड रिफ्रेश करत 'पाहिली'. जिंकल्यावर सिक्युरिटीवाल्या काकांनी पेढे आणले. बाहेर फटाके, गाड्यांचे हॉर्न, आत आम्ही दोघं आणि एसीची घरघर.

काम मात्र लोण्यासारखं झालं. थोरला नव्या प्रतीवर उठला, क्लस्टरमध्ये आला, डेटाबेस त्याच्याकडे आला, क्लायंटने तपासून "ऑल गुड" म्हटलं. पोरगा चहा आणायला खाली गेला. मी सहज झेडपूल स्टेटस मारलं. त्यात लिहून आलं की पूल जुन्या फॉरमॅटमध्ये आहे, वापरता येईल, पण नव्या सोयी मिळणार नाहीत. झेडपूल अपग्रेड चालवा. त्याखाली अजून एक ओळ होती. एकदा चालवलं की जुन्या सॉफ्टवेअरला हा पूल वाचता येणार नाही.

ती ओळ मी वाचली नाही असं म्हणता येणार नाही. डोळ्यांखालून गेली. पण भारत जिंकलाय, अपग्रेड जिंकलंय आणि स्क्रीनवर एक पिवळट तक्रार तेवढी उरलीय... मला त्या वयात स्क्रीन स्वच्छ लागायची. झेडपूल अपग्रेड, पुढे पुलाचं नाव, एंटर. दोन सेकंदात पूल आवृत्ती १० वरून २२ वर.

पोरगा चहा घेऊन आला. मी ऐटीत म्हटलं, "पूलपण वर नेला."

तो स्क्रीनकडे बघून म्हणाला, "सर, रनबुकमध्ये ते दोन्ही नोड झाल्यावर आहे ना?"

"अरे, दोन मिनिटांचं काम. पुढच्या आठवड्याला कशाला ठेवायचं?"

तो पुढे काही बोलला नाही. मीही नाही.

मी मूळचा बार्शीचा. आमच्याकडे नॅरोगेज होती, पुढे तिची ब्रॉडगेज झाली. रूळ एकदा रुंद केले की जुनं इंजिन कितीही ठणठणीत असलं तरी शेडमध्ये उभंच. मी नेमकं तेच केलं होतं. धाकटा जुन्या सोलारिसवर, त्याला आवृत्ती १० च्या पुढचं काही कळत नव्हतं. आणि थोरल्याची जुनी प्रतही जुन्याच सोलारिसची. दोन्ही रस्ते एका एंटरने बंद. वाईट म्हणजे हे कुठेच दिसत नव्हतं. क्लस्टरचं स्टेटस विचारलं की दोन्ही नोड ऑनलाइन, सगळं हिरवं. धाकटा पूल उचलू शकेल की नाही हे त्याने उचलून पाहिल्याशिवाय कळत नाही.

सोमवारी पाडवा झाला. बुधवारी दुपारी अडीचला थोरला पॅनिक होऊन पडला. नव्या आवृत्तीबरोबर आलेला फायबर चॅनल कार्डाचा ड्रायव्हर, हे नंतर कळलं. क्लस्टरने आपलं काम चोख केलं. मतं मोजली, डेटाबेस धाकट्याकडे दिला, धाकट्याने पूल उचलायला घेतला आणि सांगितलं, हा पूल माझ्यापेक्षा नव्या झेडएफएसचा आहे. इंग्लंडात सकाळचे दहा, सगळी दुकानदारी चालू, आणि डेटाबेस नाही. ब्रिज कॉलवर तीस माणसं. मला त्या एरर मेसेजच्या पहिल्या तीन शब्दांतच सगळं कळलं, पोटात खड्डा पडला. तोंडाने मात्र मी म्हणालो, "वी आर चेकिंग."

थोरला क्रॅश डंप लिहून, तपासण्या करून परत उठेपर्यंत ३८ मिनिटं गेली. मग आम्ही डेटाबेस हाताने त्याच्यावर चढवला. आता तो पुन्हा पडायच्या आत धाकट्याला नव्या आवृत्तीवर न्यायचं. नशिबाने त्याचीही नवी प्रत तयार होती. एलयू-ॲक्टिव्हेट मारलं, मॅनेजर कानात "किती वेळ, किती वेळ" करतोय, मी घाईत 'रीबूट' टाइप केलं आणि बोट एंटरवर नेलं.

"सर, रीबूट नको! इनिट सिक्स!"

पोराने माझं मनगट धरलं होतं. त्याचं बरोबर होतं. लाइव्ह अपग्रेडमध्ये जुन्या प्रतीवरून नवीवर उडी मारण्याचं काम शटडाउनच्या स्क्रिप्टमध्ये होतं. रीबूट कमांड त्या स्क्रिप्ट न चालवता मशीन पाडते. मशीन परत जुन्याच प्रतीवर उठलं असतं आणि आमची अजून पंचवीस मिनिटं गेली असती. हे मला माहीत होतं. नव्या पोरांना ते शिकवायचोही मीच. इनिट ६ मारलं. धाकटा उठला, यावेळी नव्या सोलारिसवर. ड्रायव्हर तिथेही तोच, पण एक पडला तर उचलायला दुसरा तरी होता. ड्रायव्हरचा पॅच नंतर आला.

संध्याकाळी कारणमीमांसेचा कॉल. झेडएफएस पुलात बदल करणाऱ्या कमांडची नोंद पुलातच ठेवतं, झेडपूल हिस्टरी म्हणतात. ती मॅनेजरने मोठ्याने वाचली. २ एप्रिल, २२:१७ ब्रिटिश वेळ, झेडपूल अपग्रेड, युजर रूट. रूट म्हणजे सगळेच आणि कोणीच नाही. शिफ्टला कोण होतं? आम्ही दोघं. मॅनेजर म्हणाला, "त्या फ्रेशरला रूट कोणी दिलं?"

इथे मी बोलायला हवं होतं. माझं ऑनसाइटचं त्याच आठवड्यात नक्की होणार होतं, लंडन, दीड वर्ष. घरी आईने दोन ठिकाणी सांगूनही ठेवलं होतं. (ऑनसाइट म्हटल्यावर स्थळं कशी येतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.) मी म्यूटवर होतो. शेजारच्या क्यूबिकलमधून पोराचा आवाज आला, "सर, मी शिफ्टला होतो." एवढंच. मी केलं असं नाही, मी नाही केलं असंही नाही.

कॉल संपला. आम्ही टपरीवर गेलो. त्याने दोन कटिंग सांगितले, पैसेही त्यानेच दिले आणि विचारलं, "सर, आरसीएच्या मेलमध्ये मी काय लिहू?" टोमणा नव्हता हो. त्याला खरंच माहीत नव्हतं. आठ महिन्यांच्या नोकरीत असल्या मेलमध्ये काय लिहितात हे त्याला मीच शिकवायचं होतं.

रात्री अकरापर्यंत मी काही केलं नाही. जेवलो, टीव्ही पाहिला, अजून फायनलचीच क्षणचित्रं चालली होती. मग मेल लिहिला. कमांड मी दिली, सूचना वाचून दिली, त्याने विचारलं होतं तरी मी ऐकलं नाही, आणि संध्याकाळच्या कॉलवर मी गप्प होतो. शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं.

लंडनला दुसरा कोणी गेला. त्या वर्षी अप्रेझलच्या बेल कर्व्हवर मी इतका डावीकडे होतो की घंटा दिसतच नव्हती. मॅनेजर पंधरा दिवस बोलला नाही, मग बोलायला लागला, आणि रनबुकमध्ये पूल अपग्रेडला आता दोन सह्या लागतील असं म्हणाला. दुसरी सही पोराची, असं मीच सुचवलं.

सोलारिस ११ मध्ये लाइव्ह अपग्रेड गेलं, त्याजागी बीईॲडमिन आलं. आमचा तो क्लस्टरही केव्हाच लिनक्सवर गेला. पोरगा आता पोरगा राहिला नाही, मोठ्या हुद्द्यावर आहे, फोनवर अजून 'सर' म्हणतो. रीबूटच्या वेळी मनगट धरल्याबद्दल मी त्याला बऱ्याचदा थँक्स म्हटलंय. टपरीवरच्या प्रश्नाबद्दल मात्र आम्ही कधी बोललो नाही.

घरी फोटो ठेवायला मी एक छोटा डबा बांधलाय, त्यावर ओपनझेडएफएस आहे. सिस्टिम अपडेट केली की त्यावर अजूनही जवळपास तीच सूचना येते, शब्द थोडे बदललेत. बायकोने एकदा विचारलं, "हे काहीतरी अपग्रेड कर म्हणतंय, करायचं का?"

मी म्हटलं, "राहू दे."