उठाबशांची शिक्षा

सासूबाईंनी त्या वर्षी गावच्या जत्रेला येत नाही म्हणून सांगितले, तेव्हा सगळ्यांना वाटले, रुसल्या असतील. खरे कारण सुनेला रात्री कळले. गावच्या घरी खाली बसायचा संडास. "बसेन गं कशीबशी, पण उठायचं कसं? हाक मारायची का कुणाला?"

वय 58. उभी हयात विळीवर बसून भाजी चिरण्यात गेली. मग ओटा आला, डायनिंग टेबल आले, कमोड आला आणि गुडघ्यांची वाकायची सवयच गेली.

सासरे उमेदीत कोल्हापूरच्या तालमीत घुमलेले. त्यांचा उपाय सरळ होता, "अगं, बैठका काढ!" बाईंनी हट्टाने एका दमात वीस काढल्या. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजून टम्म. मग शेजारणींनी जिना बंद करवला, चालणे बंद करवले. महिनाभरात मांड्या आणखीच सैल पडल्या.

1961 साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या कार्ल क्लाइन यांनी खोल बैठकांनी गुडघ्याचे बंध सैल होतात असे मांडले आणि ती धास्ती जगभर पसरली. पुढच्या अभ्यासांत निरोगी गुडघ्यांबाबत तसे आढळले नाही. पण झिजलेल्या, सुजलेल्या गुडघ्याला एकदम तळापर्यंत नेणे म्हणजे आगीत तेल.

सूज उतरल्यावर व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी उंच खुर्ची मांडली. "बसा आणि हात न टेकता उठा. आधी कंबर मागे, गुडघे पावलांच्या रेषेत, टाचा जमिनीवर. दहाच वेळा." मांडीचा पुढचा स्नायू भक्कम असला की गुडघ्यावरचा ताण हलका होतो. शिवाय कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर दाब पडतो-सुटतो तेव्हाच आतल्या वंगणातून तिला पोषण मिळते. दुखणे दुसऱ्या दिवशीही उरले, तर संख्या कमी करायची.

"शाळेत कान धरून काढल्या, आता म्हातारपणी!" सासूबाई कुरकुरल्या. पण नातू मोजायला बसे, त्यामुळे चुकवता येईना. दोन महिन्यांनी खुर्चीच्या जागी बुटके स्टूल आले.

पाटावर मात्र त्यांना अजून बसता येत नाही. पुढच्या जत्रेला गेल्या, तेव्हा पुरणपोळ्या स्टुलावर बसूनच लाटल्या. संडासात गेल्या तर भिंतीला धरायला लोखंडी दांडा बसवलेला. दिरांनी कुणाला न सांगता, न विचारता लावून ठेवला होता.