मिरजेचे अकरा दिवस

मिरज हें गांव बहुतेकांच्या परिचयाचें होतें तें दोन कारणांनीं: आगगाडी बदलण्यासाठीं, नाहीं तर दुखणें घेऊन. पुणें, कोल्हापूर, बेळगांव व पंढरपूर या चारहि दिशांचे रूळ येथें एकत्र येतात, आणि डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं १८९४ सालीं येथें रुग्णालय स्थापिल्यापासून दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक यांतील रोगी या गांवाची वाट धरीत आले आहेत. २०२४ च्या डिसेंबरांत आमचें जाणें झालें तें दुसऱ्या कारणानें. आमचे थोरले बंधु दादा यांच्या आंतड्यावर एका रुग्णालयांत तांतडीची शस्त्रक्रिया झाली, आणि वहिनी व आम्ही तेथें अकरा दिवस होतों.

रुग्णालयांतील दिवसाचे भाग दोनच: डॉक्टर येण्यापूर्वींचा आणि डॉक्टर गेल्यानंतरचा. वहिनींनीं तीन दिवस धड अन्न घेतलें नाहीं. कोणी कांहीं विचारलें तर ‘हूं’ एवढेंच उत्तर येई. ज्यांच्या देखरेखीखालीं घरीं दोन्ही वेळां बारा पानें वाढलीं जातात, त्या आमच्या वहिनी चहाचा पेला हातांत घेऊन तो निवेपर्यंत नुसत्या पाहात बसत.

चौथ्या दिवशीं पुतण्या येऊन दादांजवळ बसला, तेव्हां औषध आणण्याच्या निमित्तानें आम्हीं वहिनींना बळेंच बाहेर काढलें. परततांना वाट चुकलों आणि सतारमेकरांच्या गल्लींत शिरलों. पूर्वी शस्त्रें घडविणाऱ्या व त्यांस धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथें तंतुवाद्यें करण्यास आरंभ केला. खांसाहेब अब्दुल करीम खां या गांवीं राहिले आणि १९३७ पासून मीरासाहेबांच्या दर्ग्यांत विसावले आहेत. येथील सतार व तंबोरा यांस २०२४ मध्यें भौगोलिक मानांकनहि मिळालें. पण ही सर्व माहिती मागाहूनची. त्या घटकेस आम्हांस दिसले ते दारांत उन्हाला ठेवलेले मोठमोठे भोपळे.

एका दुकानांतील वृद्ध कारागिरांनीं “बसा ताई” म्हणून सतरंजी झटकली. हे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. ते वाळवून, कापून, त्यांस तुनाच्या लांकडाची दांडी जोडतात, असें ते काम न थांबवितां सांगत होते. समोर नवा तंबोरा होता. तारा छेडल्या, पण त्यांचा आवाज ठोकळ, कोरडा वाटला. मग त्यांनीं घोडीवरील तारेखालीं एक सुताचा दोरा सरकविला. दोरा केसभर पुढें गेला तर तार गप्प. किंचित् मागें आणला, तों ती गुंजूं लागली. एकामागून एक चारहि तारा उघडल्या आणि ती लहानशी खोली सुरानें भरून गेली.

“पंचम अजून जरा उतरलेला वाटतो,” वहिनी म्हणाल्या.

चार दिवसांतील त्यांचें तें पहिलें पुरें वाक्य. कारागीर हंसले. “कान तयार आहे ताई तुमचा,” म्हणत त्यांनीं मणी सरकविला.

रस्त्यावर येतांच मात्र वहिनी थबकल्या. “भाऊजी, हे तिथें असे पडलेले, आणि मी इथें तंबोरे ऐकत बसलें. हें शोभतें का?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. कोपऱ्यावर चहा घेतला. तो त्यांनीं निवूं दिला नाहीं. रात्रीं शेजारच्या बांकावरील, विजापुराकडील एका अक्कांनीं कडक भाकरी व शेंगांची चटणी पुढें केली. एकमेकींची भाषा दोघींना अर्धीमुर्धीच कळत होती. परंतु त्या रात्रीं वहिनी जेवल्या.

सहाव्या दिवशीं डॉक्टरांनीं दुसरी शस्त्रक्रिया करावी लागेल असें सांगितलें. आमचे तर पाय गळाले. वहिनींनीं मात्र सर्व शांतपणें ऐकून घेतलें, धोका काय तें नीट विचारलें, आणि कागदावर सही केली. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेव्हां मिळालें. दोऱ्यानें तारेवरील ताण कमी होत नाहीं; होऊंहि नये, कारण ताण गेला तर सूरच जाईल. दोरा करतो तें इतकेंच, कीं ताणलेल्या तारेस बोलतें करतो. संकटाच्या दिवसांत ऊन चहाचा घोट किंवा परक्याच्या डब्यांतील भाकरी यांचें काम त्याहून मोठें नसतें, आणि तें स्वीकारण्यांत आपल्या माणसाशीं कसलीहि प्रतारणा नाहीं.

दादा घरीं आले. परंतु पूर्वींचे दादा अजून परतलेले नाहींत. जिना चढवत नाहीं, बोलतांना धाप लागते. माळ्यावर कित्येक वर्षें गुंडाळून ठेवलेला वहिनींचा तंबोरा मात्र खालीं आला आहे. दिवेलागणीला त्या दादांच्या खाटेजवळ बसून तो लावतात. कधीं गातात, कधीं नुसत्या तारा छेडतात, आणि एखाद्या दिवशीं तार नीट उघडली नाहीं, तर डोळे मिटून पडलेले दादाच म्हणतात, “दोरा जरा मागें घे.”