अण्णांचा समुद्र

शेवगावच्या पोराने समुद्र पाहावा तो भूगोलाच्या पुस्तकात! आमच्या शिवारात पाण्याचे दर्शन घ्यायचे म्हणजे विहिरीत डोकवायचे. पण आमच्या घरचा एक माणूस समुद्राकाठी राहत होता. माझे चुलते, अण्णा, मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. दिवाळीला ते आले की मी हटकून विचारी, "अण्णा, समुद्राचा आवाज कसा असतो हो?"

"साचेखात्यासारखा," ते सांगत.

साचेखाते तरी मी कुठे पाहिले होते!

पडवीत वेचणीचा कापूस पडलेला असे. त्यातला चिमूटभर घेऊन, बोटांत ओढून त्याचा धागा जोखीत ते म्हणत, "आधी कापूस मुंबईला गेला, मागून आपण गेलो."

पुढे वाचू लागल्यावर कळले, की अण्णांनी एका वाक्यात शतकाचा इतिहास सांगितला होता. कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी माजली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबई बंदरात सोन्याचा पाऊस पडला. त्या तेजीतल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीचा राजाबाई टॉवर अजून उभा आहे. समुद्राची दमट हवाही गिरण्यांना मानवली. तीत सूत कमी तुटते. माणसे किती तुटतात, याचा हिशेब मात्र कुणी ठेवला नाही.

अण्णांच्या खोलीत पंधराजण पाळीपाळीने झोपत. कोकणातले भजनाला बसत, घाटावरचे लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाला जात, आणि अमर शेखांचा पहाडी आवाज ऐकायला सगळेच धावत.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. काही महिन्यांनी अण्णा पत्र्याची पेटी घेऊन गावी आले. "मिटला की जाईन," म्हणत राहिले. पुन्हा गेले नाहीत.

साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते. ते मोठ्याने बोलत. मी तेव्हा कॉलेजात, एकदा मित्रांदेखत तोंडातल्या तोंडात पुटपुटलो, "किती ओरडतो हा म्हातारा!" त्यांना ऐकू येणे शक्यच नव्हते. पण साचेखात्यातली माणसे ओठांवरून बोलणे ओळखतात, हे मला ठाऊक नव्हते. त्यानंतर घरी पाहुणा आला, की अण्णा गप्प बसू लागले.

नोकरीने मला मुंबईला आणले. पहिल्या दिवाळीला अण्णांना बोलावून घेतले. गिरणीच्या जागी काचेचे दुकान होते. ते पाहून अण्णा काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी चौपाटीवर वाळूत बसलो. बराच वेळ लाटांकडे पाहून त्यांनी विचारले,

"आवाज कसा येतो रे?"

"तुम्हीच तर सांगत होतात!"

"मी कुठं ऐकला होता? इथं यायचो ते गणपती बोळवायला. ढोलताशांत समुद्र कुणाला ऐकू येतो?"

मी त्यांच्यासमोर सरकून बसलो. ओठ नीट हलवून, सावकाश म्हणालो, "साचेखात्यासारखा येतो, अण्णा. आणि त्या दिवशी मी चुकलो."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिले, मग समुद्राकडे. "जाऊ दे," ते म्हणाले. चांगले मोठ्याने म्हणाले. आजूबाजूच्या लोकांनी वळून पाहिले. पण या वेळी मला त्याचे काहीच वाटले नाही.