शेवटचा शब्द

चि. सौ. धाकटीस,


परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा तू रडत होतीस, म्हणून मी नुसतं ऐकून घेतलं. जे सांगायचं राहिलं ते आता सवडीने लिहिते. पत्र लिहायचं कारण एवढंच, की ते तुला दोनतीनदा वाचता येईल, आणि घरात कुणी नसताना मोठ्याने वाचता आलं तर फारच चांगलं.

१ मेच्या ग्रामसभेत पंचायतीच्या भाऊसाहेबांनी मागचं इतिवृत्त वाचलं, मग तू उभी राहिलीस. दोन वाक्यं झाली, मागून ‘ऐकू येईना’ असा गलका झाला, आणि थोरल्या दिरांनी ‘द्या इकडं’ म्हणून माइक घेतला. पुढची सगळी सभा त्यांनी चालवली आणि तू खुर्चीवर बसून राहिलीस. ऐकताना माझ्या पोटात कालवलं. मी नोकरीला लागले तेव्हा गावच्या पंचायतीत एखादी बाई असायची, ती सहीपुरती. १९९३ नंतर एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या, २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या. तुला तर गावाने थेट मतं देऊन सरपंच केलं. ग्रामसभेचं अध्यक्षपद सरपंचाचं असतं, दिराचं नाही. हे त्यांना घरात शांतपणे सांगायचं काम जावईबापूंचं आहे, आणि मी त्यांना तसं पत्र वेगळं लिहिलं आहे. पण पुढच्या खेपेला माइक हातात राहिला, तर तो कसा धरायचा, हे तुलाच शिकावं लागेल.

‘आत्या, मला बोलताच येत नाही,’ असं तू म्हणालीस. हे मला पटत नाही. बचत गटाच्या बायकांना तू व्याजाचा हिशोब तोंडी समजावतेस ते मी ओसरीवर बसून ऐकलं आहे. तुझं अडतं कुठे तेही मला ठाऊक आहे, कारण शाळेत तीस वर्षं मी तेच ऐकत आले. वाक्य तू छान सुरू करतेस. मधे कुठेतरी समोरच्या तोंडांकडे लक्ष जातं, आवाज उतरायला लागतो, आणि शेवटचा शब्द तू गिळतेस.

आता आपल्या भाषेत शेवटच्या शब्दात काय असतं ते बघ. ‘गावठाणातल्या रस्त्याचं काम या वर्षी मंजूर झालेलं नाही.’ यातलं ‘नाही’ मागच्या रांगेला पोचलं नाही, तर लोक ऐकतात ‘मंजूर झालेलं’. मराठीत होकार-नकार, केलं की करायचं आहे, मिळालं की मिळेल, सगळा निकाल वाक्याच्या टोकाला लागतो. आणि घाबरलेल्या माणसाचा आवाज नेमका त्या टोकालाच बसतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते. ही शाळेतली गोष्ट. पालकसभेत मी सांगितलं, की स्वयंपाकाच्या ताई रजेवर आहेत, तेव्हा सोमवारी शाळेत खिचडी मिळणार नाही. समोर गावातले मोठे लोक बसले होते आणि माझा घसा कोरडा पडला होता. सोमवारी अर्ध्याहून जास्त मुलं डबा न घेता आली. दुपारी मी दुकानातून बिस्किटांचे पुडे आणून वाटले. पहिलीतली एक मुलगी मला म्हणाली, ‘बाई, तुम्हीच म्हणला मिळनार.’ तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. त्या दिवसापासून मी वाक्याचं टोक सांभाळायला लागले.

गांधीजींचंही असं झालं होतं. सप्टेंबर १८९६, मुंबईतलं फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटचं सभागृह, दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या हालांवर सभा, अध्यक्ष फिरोजशहा मेहता. भाषण आधी लिहून छापून घे, असा सल्ला मेहतांनीच दिला होता, त्यामुळे मजकूर हातात तयार होता. पण वाचायला सुरुवात केली आणि गांधीजी थरथरायला लागले. मेहता ‘मोठ्याने, अजून मोठ्याने’ असं सांगत राहिले, तसतसा आवाज आणखीच खोल गेला. केशवराव देशपांड्यांनी कागद घेतला, तर लोक त्यांचंही ऐकेनात. शेवटी दिनशा वाच्छांनी ते वाचलं आणि सभागृह शांत झालं. हे गांधीजींनी स्वतःच ‘सत्याचे प्रयोग’मध्ये लिहून ठेवलं आहे. मला यातलं एक महत्त्वाचं वाटतं. तळमळ खरी होती, माहिती पक्की होती, कागद छापलेला होता, तरी तेवढ्याने भागलं नाही. आणि ‘मोठ्याने बोल’ असं सांगून कुणाचा आवाज मोठा होत नाही. तुलाही सभेत मागून ओरडून तेच सांगत होते ना?

आवाज का बसतो ते सांगते. भीती वाटली की श्वास छातीच्या वरच्या भागातच फिरतो. मग वाक्य अर्ध्या श्वासावर सुरू होतं आणि क्रियापदाशी येईपर्यंत हवा संपलेली असते. तेव्हा ओरडायचं नाही. वाक्य सुरू करण्याआधी पोट फुगेल असा श्वास घ्यायचा आणि वाक्य लहान ठेवायचं. एका श्वासात एक गोष्ट. छातीत धडधडणार, हात थरथरणार. माझं निवृत्तीच्या सभेतही धडधडत होतं. ते थांबायची वाट बघू नकोस, त्याच्यासकट बोल. माइकचा हात थरथरला तर कोपर अंगाशी लावून धर. माइक तोंडापासून चार बोटं, आणि कर्णा तुझ्या पुढे, लोकांकडे तोंड करून. तो मागे असला की शिट्टी मारतो. हे मांडववाल्याला आदल्या दिवशीच सांग.

१५ ऑगस्टच्या सभेला अजून तीन महिने आहेत. रोज दहा मिनिटं दे. वर्तमानपत्रातली बातमी घे आणि पडवीच्या या टोकाला उभी राहून वाच. सासूबाईंना त्या टोकाला शेंगा निवडायला बसव. त्यांनी फक्त एक करायचं, प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द परत म्हणायचा. त्या गप्प राहिल्या की शब्द पोचला नाही, वाक्य पुन्हा घ्यायचं. मी हा खेळ चौथीच्या मुलांशी खेळायचे. पहिले आठ दिवस कंटाळा येईल, पण आवाज रोजच्या सरावानेच घडतो. पंडिता रमाबाईंचं नाव तू शाळेत वाचलं आहेस. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, तेव्हा त्या विशीच्या होत्या. पण त्याआधी लहानपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थक्षेत्रं पायी फिरत त्यांच्या घराने पुराणं सांगितली होती. देवळाच्या आवारात, येत्याजात्या लोकांसमोर, रोज. तो आवाज एका सभेत आलेला नव्हता.

बोलायचं काय, याची फार काळजी करू नकोस. पहिलं वाक्य तेवढं पाठ कर. पुढचं कागद बघून वाचलंस तर मान खाली जाते आणि आवाज कागदातच राहतो. त्यापेक्षा लोक काय विचारतील ते आधी लिहून काढ. रस्त्याला पैसे का नाहीत, हे विचारणारच. तेव्हा सांगता आलं पाहिजे, की वित्त आयोगाच्या निधीतले बरेचसे पैसे बंधित असतात, ते पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचे, रस्त्याला त्यातून घेता येत नाहीत. हे घरात दहा वेळा म्हण आणि ‘येत नाहीत’ जोरात म्हण. जे माहीत नसेल तिथे ‘माहिती घेऊन सांगते’ म्हण, आणि कधी सांगणार तो वार तिथेच सांग.

कुणी मधेच ओरडायला लागला तर त्याच्या वर आवाज चढवू नकोस. ‘नाव सांगा, इतिवृत्तात घ्यायचं आहे,’ असं म्हण आणि भाऊसाहेबांकडे बघ. नाव कागदावर येणार म्हटलं की निम्मे लोक बसतात. सभेआधी महिला सभा होते, तीही नुसती वहीवर होऊ देऊ नकोस. ओळखीच्या बायकांसमोर तेच विषय, त्याच वाक्यांत, उभी राहून बोल. सभेच्या दिवशी लवकर जा आणि येणाऱ्यांना दारातच भेट. समोर ‘सभा’ बसली की भीती वाटते, जनाक्का आणि बापू बसलेले दिसले की कमी वाटते. पाऊस असला आणि पत्र्यावर सर आली तर थांब. सर ओसरली की तुटलेलं वाक्य पहिल्यापासून घे.

आणखी एक. ‘माझी भाषा गावठी आहे’ हे तू हळूच म्हणालीस, पण मी ऐकलं. शाळेत मी मुलांचं ‘व्हतं’ खोडून ‘होतं’ करत असे, त्याचं मला आता वाईट वाटतं. त्यातली कितीतरी मुलं वर्गात बोलायचीच थांबली. तू तुझ्या बोलीत बोल. समोर बसलेल्यांची तीच भाषा आहे. फक्त ‘व्हतं’ आणि ‘नव्हतं’ यांत एका ‘न’चा फरक आहे, तो ‘न’ पारावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही ऐकू गेला पाहिजे.

मी १३ ऑगस्टच्या दुपारच्या एसटीने येते. १४ला आपण दोघी सभा जिथे भरते त्या समाजमंदिरात, ते रिकामं असताना, जाऊ. तू माइकशिवाय बोल, मी एकेक रांग मागे सरकत जाईन. सभेच्या दिवशी मी सगळ्यांत मागे, दाराजवळच्या खांबाला टेकून बसेन. शब्द पोचला नाही तर हात वर करीन. हात खाली असेल तोवर बोलत राहा.

सासूबाईंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
आत्या