कृष्णाकाठचे दोन दिवस

या सहलीची हकीकत सांगण्यापूर्वी एक कबुली दिली पाहिजे. साताऱ्यास शाळेत मी तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृत व इतिहास शिकविला. मुलांस घेऊन वाई-मेणवलीस किती वेळा गेलो, याची गणती नाही. गेल्या माघात नातवाने सहज आजीस विचारले, "आजी, मेणवलीची घंटा केवढी आहे ग?" ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बाळ, मेणवलीला मी चारदा गेले, पण घंटा काही पाहिली नाही. माझ्या वाट्याला तिथली चूल आली."

मी वर्तमानपत्र वाचीत होतो; ते पुढे वाचवेना. आमचे घर एकत्र, माणसे चौदा. सहल निघाली की पुरुषांनी स्थळे पाहावयाची, मुलांनी पाण्यात डुंबावयाचे आणि बायकांनी झाडाखाली तीन दगड मांडून पिठले-भात रांधावयाचा, हा क्रम आम्ही इतका स्वाभाविक मानला होता, की त्यात काही उणे आहे असे कधी मनातही आले नाही.

त्याच रात्री बेत ठरला. नियम एकच: वाटेत चूल पेटवावयाची नाही. दशम्या, चटणी व दही घरूनच न्यावयाचे. दशम्या थापावयास थोरले चिरंजीव बसले. त्यांना भूगोलातील निरनिराळ्या खंडांचे आकार आले, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या दिवशी सकाळच्या एसटीने वाई गाठली. कृष्णेच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली बांधविले. मूर्ती एकाच पाषाणाची व खरोखरच भव्य आहे. परंतु मी मंडळींस आधी देवळाच्या पाठीमागे नेले. तेथील भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचा लोंढा आला की तो तिच्या टोकावर दुभंगावा आणि दोन्ही अंगांनी निघून जावा, ही योजना. नदीकाठी राहावयाचे तर नदीशी वैर करून चालत नाही, तिला वाट द्यावी लागते, असा एक पाठच त्या दगडात कोरला आहे. जवळच १९१६ साली स्थापन झालेली प्राज्ञपाठशाळा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावाने ती सर्वांस ठाऊक आहे. तिच्या दाराशी माझे हात आपोआप जोडले गेले.

वाईहून मेणवली अगदी जवळ. नाना फडणविसांचा वाडा पाहून मागील बाजूच्या घाटावर उतरलो. पायऱ्या उंच, आणि सौभाग्यवतीचे गुडघे आता पूर्वीचे राहिले नाहीत. एका बाजूने सूनबाई व दुसऱ्या बाजूने नातू, असा तिचा अवरोह चालला. काठावरील लहानशा देवळीत ती घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा हाती आलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ हे साल असून मेरी व बाळ येशू यांची आकृती आहे. मी सवयीने व्याख्यान आरंभिले. सौभाग्यवतीने ते ऐकून घेतले, त्या आकृतीवरून हळूच बोट फिरविले आणि म्हणाली, "म्हणजे हीही लेकरू घेतलेली आईच की!" इतकी वर्षे मी मुलांस लढाई, सन व तह सांगत आलो. हे वाक्य मला कधी सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आगगाडीने कऱ्हाड, किर्लोस्करवाडी मागे टाकीत सांगलीस पोहोचलो. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी उभारलेल्या गणपतीचे दर्शन घेतले आणि हरिपूरची वाट धरली. हरिपूर हे सौभाग्यवतीचे माहेर. 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. येथे वारणा कृष्णेस मिळते व संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे.

येथे मार्गदर्शकाचे काम माझ्याकडून आपोआप सुटले. हळदीची पेवे तिनेच दाखविली. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही. आत कोंडलेली हवा जीव घेते, म्हणून ते आधी मोकळे ठेवतात, हे तिने मुलांस बजावून सांगितले. २००५ च्या महापुरात पाणी शिरून कितीतरी पेवे निकामी झाली. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण तिला जपणारी ही पेवे मात्र विरळ होत चालली आहेत.

पुढे मेहुण्यांचे घर आले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. पूर ओसरल्यावर मदतीस आम्ही पुरुष धावलो. सौभाग्यवती मागे राहिली, कारण गणपती तोंडावर आले होते. "तुम्ही जा, मी इकडचे पाहते," एवढेच ती म्हणाली होती. माजघराच्या भिंतीवरील पाण्याची रेघ मेहुण्यांनी रंग देताना मुद्दाम राखली आहे. तिने ती आज प्रथमच पाहिली. रेघ तिच्या डोक्याच्याही वर होती. तिने हात उंचावून तळवा तिच्यावर टेकला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. कोणी बोलले नाही. मेहुण्यांनी तिच्यापुढे पाट सरकविला, भावजय चहा ठेवण्यास उठल्या, तोच आमचे चिरंजीव म्हणाले, "मामी, तुम्ही बसा, मी ठेवतो."

परतीच्या गाडीत मी तिला विचारले, "आता काय पाहावयाचे राहिले?" ती म्हणाली, "माहुली." मी चकित झालो. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील, रामशास्त्री प्रभुण्यांचे हे गाव आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. घरातील वडीलधाऱ्यांस पोहोचविण्यास आम्ही पुरुष तेथे अनेकदा गेलो; संगमावरची देवळे पाहावयास तिला नेण्याचे मात्र कोणासच सुचले नाही.

वाचकहो, दूरच्या सहली जरूर काढाव्यात. परंतु निघण्यापूर्वी घरात एकदा विचारावे की, जवळचे काय कोणी पाहिले नाही. येत्या रविवारी आम्ही माहुलीस जात आहोत. दशम्या या खेपेस मी थापणार आहे.