पासवाली गाडी

सकाळी मिरजेहून येणारी पॅसेंजर कोल्हापूरच्या फलाटाला लागते, तेव्हा डब्यात कुणी बसून राहत नाही. रूळच इथं संपतात. पुढं सह्याद्री, त्यापलीकडं कोकण. या वाटेनं रेल्वे अजून तिकडं उतरलेली नाही. म्हणून गाडी बघता बघता रिकामी होते आणि फलाट भरतो. पाठीवर सॅक, खांद्यावर पांढरा ॲप्रन, छातीशी धरलेलं अर्धवट जर्नल. अध्येमध्ये भाजीची पाटी नाहीतर कोर्टाच्या तारखेला निघालेला एखादा टोपीवाला. बाकी सगळी पोरंपोरी.

गाडीत त्यांचा वेगळाच कारभार चालतो. जयसिंगपूरला चढलेली मुलगी रुमाल टाकते आणि फोनवर मैत्रिणीला सांगते, "जागा धरलोय, रुकडीला मधल्या डब्यात चढ." हे 'धरलोय' ऐकून पुण्याचा माणूस दचकेल. इथं मुलीही 'मी आलो', 'मी जेवलो' असंच म्हणतात. त्यात कुणाला काही वाटत नाही. जागा मिळाली की कुणी जर्नल पुरं करतं, कुणी पहाटे उठून भरलेला डबा हातकणंगल्यालाच उघडतं. या रोजच्या जाण्यायेण्याला शब्द एकच: अप-डाऊन.

ही रेल्वेची वाट कोल्हापूर संस्थानानं बांधली. १८८८ साली तिची पायाभरणी झाली ती शाहू महाराजांच्या हस्ते. तेव्हा त्यांना चौदा वर्षंही पुरी झाली नव्हती. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली, म्हणजे राज्यकारभार हाती येण्याच्या तीन वर्षं आधी. अंतर जेमतेम अठ्ठेचाळीस किलोमीटर, पण तेवढ्यात कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही ओलांडाव्या लागतात. या रुळांनी पेठांत जीव आणला. कोल्हापूरच्या अलीकडच्या थांब्याचं नावच गूळ मार्केट. जयसिंगपूर तर महाराजांनी १९१७ मध्ये आखून वसवलेली बाजारपेठ. नाव वडिलांचं, रस्ते पट्टीनं काढल्यासारखे सरळ. त्याच १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.

पुढं दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, याच वाटेवरच्या वळीवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी वसली. घरदार सुटलेल्या त्या लोकांनी तिथं मुलांसाठी शाळा चालवल्या. छावणी १९४८ पर्यंत होती. आज वळीवड्याला चढणाऱ्या पोरांना हे ठाऊक असतंच असं नाही. त्यांना घाई पहिल्या तासाची.

विद्यापीठ मात्र स्टेशनाला लागून नाही. स्टेशन शाहूपुरीत, विद्यापीठ सागरमाळाच्या बाजूला, मध्ये राजारामपुरी. शाहूपुरीच्या अंगाला बाहेर पडलेला घोळका रुळांखालच्या परीख पुलातून पलीकडं जातो. पाऊस झाला की या पुलाखाली पाणी साठतं आणि चपला हातात येतात. कुणी केएमटीच्या बससाठी थांबतं, कुणी मित्राच्या दुचाकीवर मागं बसतं, महिनाअखेरीला कुणी सरळ चालत सुटतं. तीन-चार किलोमीटर तुडवल्यावर ८५३ एकरांचा तो माळ लागतो आणि मुख्य इमारतीसमोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा दिसतो.

शिवाजी विद्यापीठ सुरू झालं १८ नोव्हेंबर १९६२ रोजी. उद्घाटनाला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन आले होते. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. त्याआधी इथल्या महाविद्यालयांची पदवी पुणे विद्यापीठाची, आणि त्याही आधी मुंबईची. १९६२ नंतर ती घरापासून एका पॅसेंजरच्या अंतरावर आली. दहाएक वर्षांत मीटरगेज जाऊन मोठे रूळ आले आणि डबे रुंद झाले. गर्दी काही कमी झाली नाही.

विद्यापीठाच्या कितीतरी आधी कोल्हापूरनं खेड्यातल्या मुलाला शिकवण्याची पहिली युक्ती काढली ती बोर्डिंगची. १९०१ मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग निघाली, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. मुलगा गाव सोडून यायचा आणि शहर त्याच्या भाकरीची सोय बघायचं. याच गाडीच्या वाटेवर, हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा एक मुलगा असाच जैन बोर्डिंगमध्ये राहिला. शिस्तीत न बसल्यानं त्याला तिथून बाहेर पडावं लागलं. १९१९ मध्ये त्यानंच रयत शिक्षण संस्था काढली आणि गावोगावच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील ते हेच.

पास ही दुसरी युक्ती, आणि तिच्यासाठी कुणी सभा घेतली नाही. कॉलेजच्या कार्यालयातून अर्ज शिक्का मारून आणायचा आणि स्टेशनच्या खिडकीवर द्यायचा, एवढंच. मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. जिथं खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे परवडत नाहीत, आणि मुलीनं बाहेर राहायचं म्हटलं की घरात आवाज चढतो, तिथं हा पास कामाला येतो. पोरगी शिकते शहरात आणि जेवते आईच्या हातचं.

मात्र पंचगंगेपुढं पासाचं चालत नाही. पावसाळ्यात वर्गात शिरताना पहिला प्रश्न असतो, "आज किती फूट?" राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. पाणी तिकडं सरकू लागलं की अप-डाऊनवाल्यांचं चित्त फळ्यावरून उडतं आणि मोबाइलमध्ये जातं. गाडी बंद झाली तर मुक्कामाला त्यांचं शहरात कुणीच नसतं.

एरवी संध्याकाळी तोच घोळका उलटा वाहतो. अधिविभागातल्या शेवटच्या तासाला मागच्या बाकावर आधी सॅकच्या चेनी वाजतात. मास्तरांनाही गाडीची वेळ पाठ असते. गूळ मार्केट, वळीवडे, रुकडी करत डबे हलके होत जातात. हातकणंगल्याला काही मुली उतरतात आणि गावाकडची वडापची जीप धरतात. त्यातली एखादी कुंभोजची असते. बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पास मोफत आहे, आणि बोर्डिंगमध्ये ती एक रात्रही राहिलेली नाही.