विहिरींची वाट

पंचवीस माणसांच्या घरांत जन्म गेल्यामुळें मला एकांताची हौस फार! गतवर्षीं पर्थला पुतण्याकडे गेलें, तेव्हां पश्चिम ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग पाहण्याचा मीं हट्टच धरला. प्रदेश भारताच्या तीन-चतुर्थांशाहून मोठा. वस्ती मात्र सुमारें तीस लक्ष, आणि तीहि बहुतेक पर्थच्या आसपास.

ब्रूमचा समुद्रकिनारा पाहून आम्ही हॉल्स क्रीकला आलों. येथून विलुनापर्यंत गुरें हांकून नेण्याची सुमारें १८५० किलोमीटरांची जुनी वाट आहे. तिच्यावरील विहिरी आल्फ्रेड कॅनिंगनें १९०८ ते १९१० मध्यें खणविल्या.

"केवढें पुण्यकर्म!" मी म्हणालें.

"काकू," पुतण्या हळूच म्हणाला, "१९०६-०७ च्या पाहणींत पाणी दाखविण्यासाठीं त्यानें तेथल्या मूळ रहिवाशांना सांखळ्यांनीं बांधून फिरविलें. १९०८ सालच्या चौकशींत त्यानें तें कबूलहि केलें. तरी तो निर्दोष ठरला."

मला आमच्या वाड्याची विहीर आठवली. माझ्या लहानपणीं गांवाबाहेरच्या वस्तींतील बाया रिकाम्या घागरी घेऊन दूर ताटकळत असत, कोणीतरी वरून पाणी ओतील म्हणून. त्या गृहस्थाला नांवें ठेवावयास माझी जीभ रेटेना. आम्हांस तर सांखळीचीहि गरज पडली नव्हती.